‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या अंकात मी एका वाचकाला उत्तर देताना लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कंपन्यांवरचे छळाचे दावे बहुतेक वेळा निकालापर्यंत जातच नाहीत, तडजोडीत संपतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी कामगार कायद्याची वकील. दिवसा दावे वाचते, रात्री गेम खेळते. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी मला आपली समजतात आणि वेळ आली की दोन्हीकडची माझ्यावर चिडतातही. आजही चिडतील.

प्रश्न : वकीलताई, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ मी शाळेत असल्यापासून खेळतोय. तो गेम बनवणाऱ्या ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड कंपनीवर कॅलिफोर्निया सरकारने छळाची केस केली तेव्हा आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, दोन तट पडले होते. आता आमचा गिल्ड लीडर म्हणतो, ‘शेवटी काहीच सिद्ध झालं नाही, सरकारनेच तसं लिहून दिलंय, म्हणजे सगळं रचलेलं होतं.’ खरं काय?

तुझ्या लीडरचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मधे काय काय झालं ते बघ.

२० जुलै २०२१ रोजी कॅलिफोर्नियाच्या नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या खात्याने (आता त्याचं नाव नागरी हक्क विभाग असं आहे) लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा दाखल केला. आधी दोन वर्षं चौकशी चालली होती. दाव्यात काय नव्हतं! कामावर बायका जेमतेम २० टक्के, पगार कमी, बढती उशिरा. पुरुष सहकारी दारू पिऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे रांगत जायचे, बायकांना त्रास द्यायचे आणि या प्रकाराला तिथे एक लाडाचं नावही होतं, असा आरोप होता. मला मात्र सगळ्यात जास्त लागलेला तपशील वेगळाच आहे. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या आया दूध काढायला ज्या खोलीत बसायच्या, त्या खोलीतून त्यांना बाहेर काढून तिथे मीटिंग घेतल्या जायच्या, असं दाव्यात म्हटलं होतं. यात आरडाओरडा नाही, अंगाला हात लावणं नाही. कॅलेंडरवर खोली बुक करायची, बस. पण त्या जागेत कोणाची काय किंमत आहे ते तेवढ्यावरून कळतं.

कंपनीचं पहिलं उत्तर असं होतं की हे सगळं विपर्यस्त आहे आणि बरंचसं खोटं आहे. या उत्तरावरच कर्मचारी भडकले. दोन हजारांहून जास्त जणांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि २८ जुलैला काम थांबवून ते रस्त्यावर आले. ३ ऑगस्टला कंपनीच्या ब्लिझर्ड शाखेचे अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक पायउतार झाल्याचं जाहीर झालं.

आता शेवट. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य आणि कंपनी यांच्यात सुमारे ५.४९ कोटी डॉलरची तडजोड झाली. तिच्यात राज्याने मान्य केलं की कंपनीत सर्वत्र लैंगिक छळ पसरला होता, हा आरोप कुठल्याही न्यायालयाने किंवा स्वतंत्र चौकशीने सिद्ध केलेला नाही. छळाचा भाग दाव्यातून काढून घ्यायचं ठरलं आणि पगार-बढतीतल्या भेदभावाचा भाग उरला. लीडर म्हणतो ते कलम हेच.

पण कुठल्याही न्यायालयाने सिद्ध केलं नाही, कारण कुठल्याही न्यायालयासमोर ते पुराव्याला आलंच नाही. साक्षी झाल्या नाहीत, उलटतपास झाला नाही, न्यायाधीशाने कागद वाचून ‘हे खरं, हे खोटं’ असं म्हटलं नाही. तडजोडीच्या मसुद्यात असली वाक्यं कशी शिरतात ते मला ठाऊक आहे. एका बाजूला पैसे हवे असतात, दुसऱ्या बाजूला पेपरात छापता येईल असं एक वाक्य हवं असतं. त्या वाक्याच्या स्वल्पविरामावरून रात्री अकरापर्यंत फोनाफोनी होते. ते वाक्य खोटं नसतं. वकिलांनी तोलूनमापून लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ त्यात आहे तेवढाच असतो. त्यावरून ‘रचलेलं होतं’ असं म्हणता येत नाही, आणि समोरच्या तटाने ‘पैसे भरले म्हणजे कबुली दिली’ असं म्हटलं तर तेही चालत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समान रोजगार आयोगाशी, म्हणजे ईईओसीशी, याच कंपनीची १.८ कोटी डॉलरची वेगळी तडजोड झाली. तिच्यातही कबुली नव्हती.

जाता जाता एक गंमत सांगते. ही दोन सरकारी खाती त्या वेळी एकमेकांशीच भांडत होती. राज्याचं म्हणणं, केंद्राने स्वस्तात मिटवलं. केंद्राचं म्हणणं, राज्याच्या बाजूने उभे असलेले दोन वकील आधी आमच्याकडे याच कंपनीच्या चौकशीत होते, त्यांनी यात पडणं नीतीला धरून नाही. तिकडे कंपनीच्या वकिलांची दिवाळी झाली असणार.

प्रश्न : कोटींचे आकडे वाचून डोळे दिपतात. पण हे पैसे जातात कुणाकडे? की वकीलच खातात?

‘वकीलच खातात’ हे मी मनावर घेत नाही, सवय आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ बनवणाऱ्या रायट गेम्सच्या प्रकरणावरून सांगते, कारण त्यात एकच दावा तीन वेगवेगळ्या किमतींचा झालेला दिसतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये कोटाकू या संकेतस्थळाने रायटमधल्या वातावरणावर मोठा लेख छापला. त्यातला एक प्रसंग मी कामाच्या ठिकाणच्या भेदभावावर बोलताना नेहमी सांगते. एका बाईने बैठकीत एक कल्पना मांडली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिने मुद्दाम एका पुरुष सहकाऱ्याला तीच कल्पना थोड्या दिवसांनी मांडायला सांगितली. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे खुलले. हे न्यायालयात पुरावा म्हणून उभं करणं महाकठीण, पण अनेक बायकांना हे वाचून ‘हे माझंच आहे’ असं वाटलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समूहदावा दाखल झाला, म्हणजे काही जणींनी सगळ्यांच्या वतीने केलेला एकच दावा. वर्षभराने, डिसेंबर २०१९ मध्ये, १ कोटी डॉलरवर मिटवायचं ठरलं. अशा तडजोडीला न्यायालयाची मंजुरी लागते. ती मिळायच्या आत राज्याचं खातं मधे पडलं आणि म्हणालं की हे फारच थोडं आहे, या बायकांचा हक्क ४० कोटींच्याही वर जाऊ शकतो. फिर्यादी बायकांनी वकील बदलले. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये आकडा ठरला १० कोटी. त्यातले ८ कोटी बायकांना, २ कोटी वकील आणि खर्चाला. घ्या, वकिलांचा हिशेब झाला.

८ कोटी वाटायचे होते सुमारे १,०६५ नोकरदार आणि १,३०० कंत्राटी बायकांमध्ये. सरासरी काढली तर माणशी साधारण ३४ हजार डॉलर. प्रत्यक्षात कुणाला सरासरी मिळत नाही, नोकरी किती वर्षं आणि कुठल्या काळात केली त्यावर वाटा ठरतो. पण यात कंत्राटी बायका धरल्या गेल्या ही माझ्या मते या तडजोडीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. गेम उद्योगात टेस्टिंगचं, ग्राहक सेवेचं काम कंत्राटावर चालतं. त्या माणसांचा त्रास एचआरकडे पोचला तरी ‘ती आमची कर्मचारी नाही, तिच्या एजन्सीशी बोला’ असं म्हणून परत पाठवता येतो.

आता दुसरा हिशेब. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेताना ६,८७० कोटी डॉलरचा व्यवहार जाहीर केला होता. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला आणि दोनच महिन्यांनी राज्याशी ५.४९ कोटींची तडजोड झाली. म्हणजे दर हजार डॉलरमागे ८० सेंट. एवढ्याशा रकमेने कंपनी सुधारत नाही. सुधारली तर तडजोडीतल्या बाकीच्या अटींमुळे सुधारेल, म्हणजे पगार आणि बढतीची धोरणं बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्यासारख्या. त्या अटी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतात, म्हणून कुणी वाचत नाही.

प्रश्न : ताई, मी एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे, गेममधल्या चुका (बग) शोधून कळवते. लीड, म्हणजे आमचा टीमप्रमुख, माझ्या बग रिपोर्टवरून सगळ्यांसमोर घाणेरडे विनोद करतो. एचआरकडे जायची भीती वाटते. नोकरी धरताना वाद झाल्यास लवादाकडेच जाईन अशा कागदावर मी सही केली आहे. आता माझे सगळे रस्ते बंद झाले का?

नाही गं. घाबरू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सगळ्यात जास्त जागा तुलाच देणार आहे.

आधी लवादाचं. अशा कलमाचा अर्थ, भांडण न्यायालयात उघड्यावर न जाता बंद खोलीत खासगी पंचासमोर जाणार. निकाल गुप्त, कागद गुप्त, आणि तुझ्या शेजारच्या टेबलावर आधी असंच घडलं होतं का ते तुला कळायची सोय नाही. रायटवर दावा झाला तेव्हा कंपनीने फिर्यादींपैकी दोघींना याच कलमावर बोट ठेवून न्यायालयातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. त्यावरून ६ मे २०१९ रोजी दीडशेहून जास्त कर्मचारी काम सोडून बाहेर येऊन उभे राहिले. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छळ आणि भेदभावाच्या तक्रारींपुरतं हे कलम सोडून दिलं. आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की लैंगिक छळाच्या तक्रारीत असं आधीच सही केलेलं कलम पीडितेवर लादता येणार नाही, लवाद हवा की न्यायालय हे तिने ठरवायचं. म्हणजे सही केलेला कागद हा शेवटचा शब्द असतोच असं नाही. तुला लागू होणारा कायदा यावर काय म्हणतो ते स्थानिक वकिलाला विचार. जाताना करारपत्राची प्रत घेऊन जा. ‘असं काहीतरी लिहिलं होतं’ यावर कुठलाही वकील सल्ला देऊ शकत नाही.

आता भीतीचं. एचआर हे कंपनीचं खातं आहे, ते तुझी मैत्रीण नाही, हे खरं. पण म्हणून तिकडे जायचंच नाही, हा सल्ला चुकीचा आहे आणि गेम उद्योगातली जुनी मंडळी तो सर्रास देतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे १९९८ चे दोन निकाल आहेत. त्यातल्या एका दाव्यातली फिर्यादी बाई समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक होती. त्या निकालांचं सार असं की वरिष्ठाने छळ केला पण नोकरीवरून काढणं, पदावनत करणं असं काही झालं नसेल, तर कंपनी म्हणू शकते, ‘आम्ही तक्रारीची नीट सोय केली होती, बाईंनी ती वापरलीच नाही.’ तू गप्प राहिलीस तर हा बचाव तू कंपनीच्या हातात आयता देतेस. लेखी तक्रार केलीस की तो बचाव लंगडा पडतो, मग एचआरने ती तक्रार फाईलमध्ये पुरली तरी. उलट पुरली तर अधिकच.

तक्रार ईमेलवर कर. प्रत्यक्ष बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळी पाठव, ‘आज आपलं असं असं बोलणं झालं, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवा.’ बहुतेक वेळा त्याला उत्तर येत नाही. न आलेलं उत्तरही कागदच असतो.

आणि टिपण ठेव. टिपण कसं असावं ते दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणी असं लिहून आणतात :

‘आज पुन्हा तोच प्रकार. फार वाईट वाटलं. घरी येऊन रडले.’

तुझं दुःख खरं आहे, पण यातून मला काही उभं करता येत नाही. हे बघ :

‘मंगळवार, १४ तारीख, दुपारी ४ च्या सुमारास. बिल्ड रिव्ह्यू (गेमची ताजी आवृत्ती तपासायची बैठक), मोठी खोली. माझा कोलिजनचा बग पडद्यावर होता. लीड म्हणाला, (त्याचे जसेच्या तसे शब्द). हजर : प्रोड्यूसर, ॲनिमेशनमधले दोघे. प्रोड्यूसर हसला, बाकीचे गप्प. ४.४० ला मी प्रोड्यूसरला चॅटवर लिहिलं की हे मला चाललं नाही. त्याचं उत्तर : लाइटली घे.’

फरक कळला? दुसऱ्यात तारीख आहे, साक्षीदार आहेत, आणि ‘लाइटली घे’ हे प्रोड्यूसरचं उत्तर चॅटमध्ये पडून आहे. म्हणजे कंपनीतल्या जबाबदार माणसाला त्या दिवसापासून माहीत होतं. दाव्यात सगळ्यात जास्त मारामारी ‘कधीपासून माहीत होतं’ यावरच होते. हे टिपण घरी, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनवर ठेव. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवलंस तर नोकरी सुटायच्या दिवशी लॅपटॉप जातो आणि टिपणही जातं. मात्र बिल्ड, सोर्स कोड, न आलेल्या गेमचे स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठवायच्या फंदात पडू नकोस. पुरावा गोळा करताना गोपनीयतेचा भंग झाला तर तुला काढायला त्यांना सोयीचं कारण मिळतं.

तक्रारीनंतर तुझ्या शिफ्ट बदलल्या, क्रेडिट्समधून नाव गळालं, कंत्राट पुढे वाढलं नाही, तर तेही लिहीत जा. सूड हा वेगळा आणि स्वतंत्र दावा असतो. मूळ छळ सिद्ध झाला नाही तरी सूड सिद्ध होऊ शकतो. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये गेली अनेक वर्षं सूडाचीच तक्रार सगळ्यात वर आहे.

शेवटचं, मुदत. ‘गेम एकदा शिप होऊ दे, मग बघू’ हे तुमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य. पण कायद्याला तुमची रिलीज डेट माहीत नसते. अमेरिकेत ईईओसीकडे जायला १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३०० दिवस मिळतात. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे २०२० पासून तीन वर्षं मिळतात, त्याआधी एकच वर्ष होतं. तुला किती मुदत आहे ते याच आठवड्यात विचारून घे.

प्रश्न : यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या लोकांना फ्रान्समध्ये शिक्षा झाली. मग अमेरिकेत नुसते पैसे का? तिकडचा कायदा जास्त कडक आहे का?

कडक म्हणण्यापेक्षा वेगळा. अमेरिकेत कामाच्या ठिकाणचा छळ हा मुख्यतः दिवाणी मामला. प्रतिवादी कंपनी, आणि प्रश्न नुकसानभरपाईचा. अंगावर हात टाकला, हल्ला केला तर फौजदारी, नाहीतर नाही. फ्रान्समध्ये कामाच्या ठिकाणचा मानसिक छळ हाच मुळात गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजार युरोपर्यंत दंड. त्यामुळे तिथे माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

यूबीसॉफ्टच्या फ्रान्समधल्या कारभाराबद्दल २०२० च्या उन्हाळ्यात आरोपांची लाट आली. पुढच्या वर्षी एका कामगार संघटनेने आणि काही कर्मचाऱ्यांनी तक्रार दिली, २०२३ मध्ये माजी अधिकाऱ्यांना ताब्यात घेऊन चौकशी झाली, आणि जून २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथे खटला चालला. ऑफिसात स्कर्ट घातलेल्या तरुण मुलीला सगळ्यांसमोर हातांवर उलटं उभं राहायला लावणं. एकीला टेपने खुर्चीला बांधून ती खुर्ची लिफ्टमध्ये ढकलून भलत्याच मजल्यावर पाठवणं. एका गेम दिग्दर्शकाने सहकाऱ्यांच्या तोंडाजवळ चाबूक उडवणं, लायटरशी खेळताना एकाची दाढी पेटवणं. आरोपींनी आरोप नाकारले, पण हे सगळं उघड्या न्यायालयात, ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या तोंडून, सांगितलं गेलं.

२ जुलै २०२५ ला निकाल लागला. संपादकीय विभागाचे माजी उपाध्यक्ष तोमा फ्रांस्वा यांना लैंगिक छळ, मानसिक छळ आणि लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न यासाठी तीन वर्षांची स्थगित शिक्षा आणि ३० हजार युरो दंड. त्यांचे वरिष्ठ, गेमच्या आशयाबाबत ज्यांचा शब्द शेवटचा असे ते सर्ज अस्कोएत, यांना मानसिक छळ आणि लैंगिक छळात साथ दिल्याबद्दल १८ महिने स्थगित आणि ४५ हजार युरो. दिग्दर्शक गिओम पात्रू यांना १२ महिने स्थगित आणि १० हजार युरो.

स्थगित म्हणजे तुरुंगात कुणी गेलं नाही. यावर मला आलेल्या तीन पत्रांत ‘मग काय उपयोग’ असं लिहिलंय. मला उपयोग दिसतो तो अस्कोएत यांच्या निकालात. साथ दिल्याबद्दल दोष! हाताखालचा माणूस काय करतो हे माहीत असून वरचा गप्प बसला तर त्याचं गप्प बसणंही मोजलं जाऊ शकतं, हे गेम उद्योगातल्या एका बड्या माणसाच्या नावापुढे लिहिलं गेलं. मला खटकतं ते वेगळंच. त्या तीन आरोपींमध्ये ना कंपनी होती, ना तिचे मुख्याधिकारी. आठ वर्षांच्या काळातले प्रकार न्यायालयासमोर आले. इतका काळ तक्रारी कुणाच्या टेबलावर पडून होत्या, हा प्रश्न त्या पिंजऱ्यात उभा राहिलाच नाही.

प्रश्न : तुम्ही नेहमी बायकांची बाजू घेता. खोटे आरोप होत नाहीत का? पुरुषाचं करिअर एका ट्वीटने संपतं, त्याचं काय?

होतात, आणि कायदा त्यासाठीही आहे. ‘फॉलआउट : न्यू वेगस’चे लेखक ख्रिस ॲव्हेलोन यांच्यावर जून २०२० मध्ये समाजमाध्यमांवर आरोप झाले. कामं गेली. त्यांनी बदनामीचा दावा केला आणि मार्च २०२३ मध्ये तो मिटला. आरोप करणाऱ्या दोघींनी निवेदन दिलं की ॲव्हेलोन यांनी आपलं कधीही लैंगिक शोषण केलेलं नाही, आणि ॲव्हेलोन यांना सात आकडी रक्कम देण्याचं ठरलं. ही बातमी आरोपांच्या बातमीएवढी पसरली नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य.

पण बदनामीचा दावा मोठ्या हातात गेला की काय होतं तेही बघा. फ्रान्सच्या क्वांटिक ड्रीम या स्टुडिओतल्या वातावरणाबद्दल २०१८ मध्ये बातम्या आल्या. स्टुडिओने मीडियापार हे बातम्यांचं संकेतस्थळ आणि ल माँद हे दैनिक, या दोघांना न्यायालयात खेचलं. २०२१ मध्ये मीडियापार जिंकलं, ल माँद हरलं. ल माँदला आपल्या माहितीदारांची नावं उघड करायची नव्हती, त्यामुळे त्यांना पुरावा मांडता आला नाही. बातमी खोटी होती म्हणून हरले असं नव्हे. टेस्टर ताईला मी टिपणाचा इतका आग्रह का केला, त्याचं हे एक कारण. आणि ज्याच्यावर आरोप झालाय त्यालाही माझा सल्ला तोच आहे, ट्वीटला ट्वीटने उत्तर देऊ नका, तारखा काढा. तारखा दोन्ही बाजूंना लागतात.

प्रश्न : शेअर बाजाराच्या नियामकाने छळाच्या तक्रारींवरून कंपनीला दंड केला असं वाचलं. त्याचा आणि छळाचा संबंध काय?

फार नेमका प्रश्न. अमेरिकेच्या एसईसीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डकडून ३.५ कोटी डॉलर घेतले. छळ झाला की नाही, यात एसईसी पडलीच नाही. तिचं म्हणणं एवढंच की चांगली माणसं टिकवणं हा आमच्या धंद्यातला मोठा धोका आहे असं तुम्ही गुंतवणूकदारांना सांगता, मग वेगवेगळ्या विभागांतून येणाऱ्या गैरवर्तनाच्या तक्रारी एका जागी गोळा करून वरपर्यंत पोचवायची यंत्रणा तुमच्याकडे का नव्हती? दुसरं, नोकरी सोडणाऱ्यांकडून सही घेतलेल्या करारांत एक कलम होतं. एसईसीने माहिती मागितली तर आधी कंपनीला कळवा! जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा नियम त्या कलमाने मोडला. कंपनीने आरोप मान्यही केले नाहीत, नाकारलेही नाहीत.

मला हा आदेश सगळ्यात जास्त आवडतो, कारण छळ सिद्ध करण्याच्या दलदलीत न शिरता तो थेट तक्रारवहीवर येतो. वही आहे का, कोण भरतं, कोण वाचतं? संचालक मंडळाला या भाषेत विचारलं की लगेच समजतं.

प्रश्न : हे सगळं वाचल्यावर त्या कंपन्यांचे गेम खेळावेत का? मला अपराधी वाटतं.

मी खेळते. ‘ओव्हरवॉच’मध्ये मॅक्री नावाचं एक पात्र होतं, ब्लिझर्डच्याच एका माणसावरून नाव दिलेलं. २०२१ च्या वादळात तो माणूस कंपनीतून गेला आणि पात्राचं नाव बदलून कोल कॅसिडी केलं. एका ओळीचा बदल झाला आणि बंदूक तीच राहिली. तो गेम बनवणाऱ्यांत त्या रस्त्यावर उतरलेल्या बायकाही आहेत, त्यांचं कामही त्याच डिस्कवर आहे. तुम्हाला खेळवत नसेल तर सोडा, खेळवत असेल तर खेळा. तुमच्या कन्सोलच्या बटणाने कुठलाही दावा पुढे किंवा मागे सरकत नाही.

क्रंच (गेम पुरा करायच्या घाईतलं दिवसरात्र काम) आणि ओव्हरटाइमवर चार पत्रं आली आहेत, ती पुढच्या अंकात घेते. आणखी कुणाला त्यावर विचारायचं असेल तर करारपत्रातलं कामाच्या तासांचं कलम शब्दशः उतरवून पाठवा. कंपनीचं नाव खोडलंत तरी चालेल.